विटेचं माहेर

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. त्याला कारण माळा. दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला, आणि माझं आवरणं म्हणजे एक तास आवरायचं नि तीन तास बघत बसायचं. ("तुम्ही आवरत नाही, वरचा पसारा खाली आणता", इति सौ.) त्या पसाऱ्यात जुन्या पितळी डब्यांच्या मागे दोन वस्तू सापडल्या. एक कान तुटलेला, निळ्या नक्षीचा कप. दुसरी वीट.

वीट म्हणजे आपली तांबडी वीट नव्हे. फिकट पिवळसर, कडा नीट, हातात घेतली की वजन जाणवतं. भट्टीच्या आतून लावतात ती फायरब्रिक. माझे मामा उद्यमनगरात एका कारखान्यात ओतकामावर होते. भट्टीचं काम झाल्यावर उरलेली ही एक वीट त्यांनी मालकांना विचारून घरी आणली, आणि आजी तिच्यावर कोळशाची इस्त्री टेकवायला लागली. मधोमध इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग आजही आहे. डागाच्या वर खोल ठशात इंग्रजी अक्षरं : ग्लेनबॉइग. लहानपणी मला ते कारखान्याच्या मालकांचं नाव वाटायचं. मालक तर आमच्याच पेठेतले, मग असलं कसलं आडनाव, असा प्रश्न पडायचा, पण मामांना विचारायची छाती नव्हती. ग्लेनबॉइग हे स्कॉटलंडमधल्या एका खेड्याचं नाव आहे, तिथल्या मातीच्या विटा जगभर भट्ट्यांना जात, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

कप पालथा केला. बुडाशी बारीक अक्षरात 'मेड इन जपान'.

दोन्ही वस्तू मातीच्या, दोन्ही परदेशी, दोन्ही बोटीनं मुंबईला उतरून कोल्हापुरात आलेल्या. मग कपावर देश लिहिलाय आणि विटेवर फक्त नाव, असं का? विटेवर 'मेड इन स्कॉटलंड' का नाही? एवढासा प्रश्न, पण मास्तरकी अंगात मुरली की असले प्रश्न सोडवत नाहीत. त्यातच त्या आठवड्यात मामांच्या नातवाचा फोन आला. त्याची शिरोलीला लहानशी फाउंड्री आहे. "काका, माती ती माती. हे लोक तिचं नाव-गाव किती विचारतात बघा की!" त्याची हकिकत पुढे सांगतो. आधी विटेचं बघू.

उत्तरासाठी थेट इंग्लंडात जावं लागतं. १८७०-८० च्या सुमारास जर्मन कारखान्यांचा स्वस्त माल सगळीकडे पसरत होता. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात रॉयलो नावाच्या जर्मन प्राध्यापकानंच आपल्या देशाच्या मालाला 'स्वस्त आणि वाईट' म्हणून टाकलं होतं. त्यातले काही कारखानदार चाकू-कात्र्यांवर शेफील्डसारखे इंग्रजी मार्के ठोकून विकत. शेफील्डवाल्यांनी ओरड केली आणि १८८७ साली इंग्लंडात व्यापारी मार्क्यांचा कायदा आला. दोनच वर्षांनी, १८८९ साली, त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात झाला. त्याचा मथितार्थ असा : माल इंग्लंड आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्या बाहेर तयार झालेला असेल, आणि त्यावर इथल्या किंवा तिथल्या व्यापाऱ्याचं नाव किंवा मार्का असेल, तर तो खरा कुठे तयार झाला ते स्पष्ट लिहा. नाहीतर कस्टम माल अडवील.

म्हणजे इंग्रजी मालाला देश लिहायची गरजच नव्हती. त्यानं नुसतं आपल्या गावाचं नाव सांगितलं तरी भागायचं. घरधन्याला दारात कोण नाव विचारतो? विचारतात ते पाहुण्याला. आता घर कोणाचं आणि पाहुणा कोण, हा प्रश्न आपण विचारायचा. कायद्यानं तो सोडवूनच टाकला होता. माझ्या विटेवर देश नाही त्याचं कारण हे.

एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. हा कायदा झाला तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हता. १८८२ साली सरकारनं हिंदुस्थानात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या मालावरची आयात जकात काढून टाकली होती. ती पुन्हा बसली १८९४ ला, तीही पाच टक्के. म्हणजे 'कुठला' हा प्रश्न आधी अब्रूचा होता, पैशाचा नंतर झाला. जर्मन माणसाला त्याच्याच मालावर 'मी जर्मन' असं लिहायला लावलं की गिऱ्हाईक नाक मुरडील, ही अपेक्षा. झालं उलटंच. गिऱ्हाइकाला कळलं की आपण इतके दिवस आवडीनं वापरतोय तो माल जर्मन आहे! १८९६ मध्ये विल्यम्स नावाच्या इंग्रजानं 'मेड इन जर्मनी' याच नावाचं पुस्तक लिहून आपल्या लोकांना घाबरवलं. बदनामीसाठी लावलेला शिक्का पुढे जर्मनांनी छातीवर मिरवला.

कपाची गोष्ट वेगळी. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यात सांगितलं की आत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत हवं. जपानी लोकांनी 'निप्पॉन' लिहायला सुरुवात केली. तीस वर्षं चाललं. मग १९२१ साली अमेरिकन कस्टमच्या लक्षात आलं की 'निप्पॉन' हा शब्द इंग्रजी नसून जपानी आहे, आणि तेव्हापासून 'जपान' लिहायचं ठरलं. तेव्हा आमचा कप बहुधा १९२१ नंतरचा. आणि हो, दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं, १९५२ पर्यंत, जपानी मालावर 'मेड इन ऑक्युपाईड जपान' असंही छापलेलं असे. परक्यांच्या ताब्यातला जपान! हरलेल्या देशाला कपाच्या बुडाशी ते लिहावं लागावं, यापरता अपमान तो कोणता?

आता हा कप आमच्या घरात आला कसा, ते. आजोबा स्वदेशीवाले. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली तेव्हा ते लहान होते, पण १९३० च्या चळवळीनं त्यांना चांगलंच पकडलं. कोल्हापूर संस्थान, त्यामुळे ब्रिटिश मुलखातल्यासारख्या उघड उघड चळवळी इथे कमी, पण घराघरात वारं होतंच. तर आजोबा दुकानात जाऊन प्रत्येक वस्तू पालथी करून बघत. 'इंग्लंड' दिसलं की परत ठेवत. इंग्रजांनी स्वतःचा व्यापार राखायला जी शिक्क्याची पद्धत घालून दिली, तीच इंग्रजांचा माल ओळखून नाकारायच्या कामी आली. मला या सगळ्या इतिहासातला हा तुकडा सगळ्यात आवडतो. आजीला मात्र पाहुण्यांसाठी कप हवे होते. शेवटी तडजोड झाली : इंग्रजी नको, जपानी चालेल. आजोबांनी ही पळवाट कशी मान्य केली कोण जाणे. आजीपुढे स्वदेशीचं फार चालत नसावं.

ही पळवाट सरकारच्याही लक्षात आली होती. डिसेंबर १९३१ मध्ये जपाननं येनची सोन्याशी असलेली गाठ सोडली, येन घसरला आणि जपानी माल इतका स्वस्त झाला की टक्केवारीनं लावलेल्या जकातीचा काही उपयोग होईना. चार आण्याच्या वस्तूवर तीस टक्के म्हणजे किती? मग १९३४ च्या सुमाराला युक्ती केली. टक्केवारी ठेवलीच, पण तिच्या जोडीला 'निदान इतके आणे डझनामागे' अशीही अट घातली; दोन्हींत जास्त होईल ते द्यायचं. महाग इंग्रजी कपाला त्यानं काही फरक पडत नव्हता, स्वस्त जपानी कप मात्र पुरता कापला जात होता. कायद्यात चहाचे कप किती औंस मापाचे, बशी कुठल्या कपाबरोबरची, ताट किती इंच व्यासाचं, चहादाणी, साखरेचं भांडं, सगळं वेगवेगळं मांडलेलं! मोठमोठे सनदी अधिकारी दिल्लीत बसून कपाच्या मापावर खल करताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. त्या खलामागे मँचेस्टरपासून स्टॅफर्डशायरपर्यंतचे कारखाने होते, एवढंच.

त्याच सुमाराला, १ जानेवारी १९३३ पासून, ओटावा कराराप्रमाणे अनेक इंग्रजी वस्तूंना इतरांपेक्षा दहा टक्के कमी जकात लागू झाली. आता मात्र इंग्रजी मालालाही आपलं माहेर सिद्ध करणं भाग पडलं. आधी मूळ गाव सांगण्यात कमीपणा होता, आता त्यात सवलत होती. जातीच्या दाखल्यांसाठी रांगेत उभं राहिलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

जाता जाता काचेचं सांगतो. काच आणि चिनी माती सख्ख्या बहिणी नसल्या तरी एकाच भट्टीच्या उबेला वाढलेल्या. आपल्या जवळ, कऱ्हाडला लागून ओगलेवाडी. १९१६ साली तिथे ओगल्यांनी काचकारखाना काढला. पुढे त्यांचा 'प्रभाकर' कंदील घराघरात गेला. आमच्याकडेही होता. १९३२ मध्ये टॅरिफ बोर्डानं शिफारस केली की देशी काचधंद्याला जकातीचं संरक्षण द्यावं. सरकारनं १९३५ मध्ये ती नाकारली. कारण काय, तर काचेला लागणारा सोडा इथे मिळत नाही, बाहेरून येतो. म्हणजे वाळू इथली, कोळसा इथला, कारागीर इथला, फुंकर इथली, पण सोडा विलायती म्हणून धंदा पुरता देशी नाही! या न्यायानं लँकेशायरचं कापड कधीच इंग्रजी ठरलं नसतं. तिथे कापूस कुठे पिकतो?

स्वातंत्र्यानंतरचा काळ आपण सगळ्यांनी बघितलाय. आयातीवर कडक बंधनं, परवाने, आणि म्हणून 'फॉरेन' या शब्दाला आलेलं तेज. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे, त्यामुळे आपल्याकडे 'गोव्याचा माल' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जायचा. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद तर सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे ज्या काळात परदेशी शिक्का नसावा अशी सरकारची इच्छा, त्याच काळात देशी मालावर खोटा परदेशी शिक्का मारायची हौस. १८८७ चा इंग्रज हे पाहून चक्रावला असता.

या विषयात माझाही एकदा प्रत्यक्ष संबंध आला होता, तो कस्टमशी नव्हे, साध्या जकात नाक्याशी. १९७८ ची गोष्ट. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी सामान आणायला विज्ञानाचे सर पुण्याला निघाले होते, सोबत म्हणून मी गेलो. (मी मराठीचा. मला तपनमूस आणि मुसळ यांतला फरक सरांनीच सांगितला.) परत येताना एका नाक्यावर पेटी उघडायला लावली. आत भुशामध्ये पांढऱ्या शुभ्र चिनी मातीच्या मुशी, झाकण्या, बाष्पनपात्रं. कारकुनानं एक बाष्पनपात्र उचलून उजेडात धरलं. "क्रॉकरी", म्हणाला. सर म्हणाले, "नाही हो, हे शास्त्रीय उपकरण आहे." कारकून विचारात पडला. मग त्यानं अगदी मनापासून विचारलं, "गुरुजी, यात चहा पिता येईल का नाही, तेवढं सांगा." सर खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "येईल, पण पिऊ नये." झालं, क्रॉकरीची जकात भरली. त्या वेळी मला त्या कारकुनाचा राग आला होता. आज वाटतं, त्यानं विचारलेला प्रश्न जगातल्या सगळ्या जकात कायद्यांच्या मुळाशी आहे. वस्तूचं नाव ती कशाची आहे यावरून ठरवायचं, की कशासाठी आहे यावरून?

जगातल्या देशांनी मिळून या प्रश्नासाठी एक मोठा तक्ता केलाय. ब्रुसेल्सला त्यांची संघटना आहे. १९८८ पासून तो जगात लागू झाला. आपण त्याआधीच, १९८६ मध्ये, आपली जकातसूची त्या धर्तीवर बदलली. आज किराणा दुकानाच्या बिलावर 'एचएसएन' म्हणून जो आकडा असतो तो यातलाच. मातीच्या भाजलेल्या वस्तूंचं प्रकरण ६९ वं. भट्टीच्या विटा ६९०२. मुशी, नळ्या असल्या आगीत टिकणाऱ्या बाकी वस्तू ६९०३. प्रयोगशाळेची आणि तांत्रिक कामाची भांडी ६९०९. कपबशी चिनी मातीची असेल तर ६९११. सरांची बाजू बरोबर होती म्हणायची, फक्त आठ-दहा वर्षं आधी.

पण खरी गंमत जे ६९ मध्ये नाही त्यात आहे. जपानमध्ये मोरिमुरा नावाचं व्यापारी घराणं. त्यांनी १९०४ मध्ये कपबश्यांचा कारखाना काढला, तोच पुढे 'नोरिताके' नावानं जगभर गाजला. त्यातूनच १९१७ मध्ये संडास-बेसिनची कंपनी निघाली, १९१९ मध्ये विजेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरची, १९३६ मध्ये स्पार्क प्लगची. 'एनजीके'चा प्लग कोल्हापुरात कुठल्याही मेस्त्रीला विचारा. चौघं भावंडं एकाच मातीची, एकाच आव्यातली. पण जकातीच्या तक्त्यात कप ६९११ मध्ये, बेसिन ६९१० मध्ये, इन्सुलेटर ८५४६ मध्ये आणि प्लग ८५११ मध्ये. दोघं मातीच्या घरात राहिले, दोघं विजेच्या घरात दत्तक गेले. आणखी एक : चिनी मातीचे कृत्रिम दातसुद्धा ६९ मध्ये नाहीत, ते वैद्यकीय वस्तूंत, ९०२१. हे वाचून मी नकळत जीभ फिरवून बघितली.

आपली भाषा या बाबतीत कस्टमपेक्षा मोकळी आहे. 'चिनी माती' म्हणताना आपण देशाचं नाव घेतो, पण बरणी खुर्ज्याची असली तरी ती चिनी मातीचीच. १८६५ साली बासल मिशननं मंगळुराला कौलांचा कारखाना काढला. नंतर तसली कौलं भलत्याच गावी झाली तरी ती 'मंगलोरी'. गाव मागे राहतं आणि नुसता घाट पुढे जातो. आपल्या चपलेचं तेच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि ते योग्यच होतं. अथणीचा चर्मकार कोल्हापुरीच करतो. पण जून २०२५ मध्ये मिलानला प्राडानं तसल्याच चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो, मीसुद्धा. तेव्हा 'कुठला' हा प्रश्न काही नुसता इंग्रजांचा नाही.

आता मामांच्या नातवाची हकिकत. लोखंडाचा रस साच्यात ओतताना त्यात मळी राहू नये म्हणून वाटेत एक मातीची जाळी बसवतात. सिरॅमिक फिल्टर म्हणतात. बिस्किटाएवढा तुकडा, पोळ्यासारखी भोकं, आणि वितळलेलं लोखंड आरपार गेलं तरी वितळत नाही. यानं एका पूर्वेकडच्या देशातून ते मागवले, आपला ज्या देशाशी व्यापार करार आहे अशातून, म्हणजे जकातीत सवलत. माल बंदरात आला आणि दोन प्रश्न निघाले. पहिला, ही वस्तू आगीत टिकणारी म्हणून ६९०३, की गाळायच्या तांत्रिक कामाची म्हणून ६९०९? (गुरुजी, यात चहा पिता येईल का?) दुसरा प्रश्न अवघड. जाळी त्या देशात झाली, मान्य. पण तिची भुकटी कुठली?

२०२० च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे नियम कडक झालेत. नुसता मूळ देशाचा दाखला जोडून भागत नाही, तो खरा कसा हे सांगणारी माहिती आयात करणाऱ्यानं स्वतःजवळ ठेवायची आणि मागितली तर द्यायची. कारणही तसंच आहे. चिनी मातीच्या ताट-वाट्यांवर २०१८ मध्ये आपण चीनपुरती जादा जकात बसवली, तर माल मलेशियातून यायला लागल्याची तक्रार झाली आणि दिल्लीला २०१९-२० मध्ये त्याची वेगळी चौकशी करावी लागली. फरशीचंही तेच. आपल्या घरांतली शहाबादी जाऊन चकचकीत व्हिट्रिफाइड आली त्या काळात, मे २००२ मध्ये, चीन आणि अमिरातीच्या फरशीवर सहा महिन्यांची तात्पुरती जकात बसली. कायमची बसली मे २००३ ला. मधल्या सहा महिन्यांत उतरलेल्या फरशीचं काय, हा वाद २०१५ पर्यंत सुप्रीम कोर्टात होता. मधल्या काळाची जकात घेता येणार नाही, असा निकाल लागला. तोवर त्या फरश्यांवर रांगलेली पोरं हायस्कुलात गेली असतील. नंतर २०१६ मध्ये चीनच्या फरशीवर पुन्हा जकात लागली तेव्हा ओळख अशी ठरली : तीन टक्क्यांपेक्षा कमी पाणी पिणारी फरशी. कौलं किती पाणी पितात हे आपल्याकडे गवंडी बघायचा, आता कस्टमची प्रयोगशाळा बघते.

तर भुकटी. नियम साधारण असा असतो की कच्चा माल बाहेरचा असला तरी चालेल, पण कारखान्यात त्याच्यावर एवढं काम झालं पाहिजे की तक्त्यातला त्याचा आकडा बदलला पाहिजे. आकडा बदलला की माहेर बदललं. मी त्याला म्हटलं, "थांब, आपल्याकडचंच उदाहरण घेऊ." राधानगरीच्या डोंगरावर दुर्गमानवाडीला बॉक्साइटची खाण आहे. ती तांबडी माती आकडा २६०६. ती बेळगावच्या कारखान्यात जाऊन तिची पांढरी ॲल्युमिना होते, २८१८. अशा ॲल्युमिनापासून कोणी भट्टीची वीट केली की ती ६९०२. ही पांढरी पूड परदेशी कारखान्यात गेली आणि विटेच्या रूपानं शिरोलीच्या भट्टीत परत आली, तर ती वीट परदेशी. राधानगरीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. त्यानं जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे लग्न लावून दिलेली पोरगी." मी म्हटलं, "तसंच. आणि माहेरी आली तरी पाहुणी."

शिक्का नसला तर पंडितांचीही फसगत होते. न्हावाशेवा बंदराच्या अगदी समोर घारापुरी. तिथे आणि पश्चिम किनाऱ्यावर इतरत्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची परदेशी रांजणांची खापरं सापडतात. ती वर्षानुवर्षं सरसकट रोमन म्हणून नोंदली गेली. मग रोबर्टा टॉम्बर या बाईंनी संग्रहांतली खापरं पुन्हा तपासली आणि २००७ च्या सुमाराला दाखवून दिलं की त्यांतली पुष्कळ रोमची नाहीतच, इराक-इराणकडच्या लांबुळक्या रांजणांची आहेत. ओळख कशावरून? मातीच्या पोतावरून, आणि आतून दिलेल्या डांबराच्या लेपावरून. आपल्या टाउन हॉल म्युझियममधला ब्रह्मपुरीचा पोसायडन मुलांना दाखवताना मी छातीठोकपणे 'रोमहून आलेला' म्हणायचो. त्याच्या बाबतीत ते ठीकच आहे. पण खापरं रोमन म्हणून मी वर्गात शिकवलेली पिढी आता चाळिशीत आहे, त्यांना कुठे शोधू?

त्याच्या जाळ्यांचं प्रकरण तीन आठवडे चाललं. तिकडचा कारखाना भुकटीचा तपशील द्यायला तयार नव्हता, धंद्याचं गुपित म्हणून. इकडे पुण्याच्या गिऱ्हाइकाची कास्टिंगची तारीख जवळ आलेली, चाळीस माणसांचा पगार. शेवटी त्यानं सवलत सोडून पूर्ण जकात भरली आणि माल सोडवून घेतला. सवलतीचा दावा अजून कागदावर चालू आहे. पुढच्या वेळी जाळ्या देशातल्याच कारखान्याकडून घेणार म्हणतो. मी विचारलं, "आणि ते भुकटी कुठून आणतात?" हसला. "ते आपल्याला कोण विचारत नाही, काका."

रविवारी तो घरी आला तेव्हा वीट दाखवली. त्यानं दोन्ही हातांनी उचलली, नखानं कोपरा खरवडला, टिचकी मारून कानाशी धरली. अगदी मामांसारखी. "आज्जाची काय? मला द्या, ऑफिसात ठेवतो." सौ. ताबडतोब हो म्हणाल्या, माळा तेवढा रिकामा. मी म्हटलं नेशील, पण आधी सांग, हिचा आकडा कुठला? तो म्हणाला, "६९०२, त्यात काय." मी त्याला तक्त्याचं शेवटचं, ९७ वं प्रकरण दाखवलं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर ती मातीची असो की लाकडाची, ती ९७०६, पुराणवस्तू. मग तिला कोणी काम विचारत नाही.

त्यानं वीट उलटी केली, कडा बघितल्या, उजेडात नेऊन ठशाच्या आजूबाजूला बोट फिरवलं. साल कुठेच नव्हतं. वीट त्यानं पिशवीत घातली, आणि कप मात्र मी ठेवून घेतलाय, पेनं ठेवायला.